जिन्यातली दीड हात नारिंगी वायर

वायर पेटलीच नाही.

पन्नासेक माणसं बघत होती. मी टेबलापाशी उभी, हातात आईची सांडशी, सांडशीत वायरचा वीतभर तुकडा आणि खाली मेणबत्ती. "बघा, ही तुमच्या जिन्यातली वायर! बघा कशी भडकते!" असं ओरडून मी मोकळीसुद्धा झाले होते. वायर काळी पडली, थोडी धुरकटली, टोकाला एक लाजरी ज्योत आली. मेणबत्ती बाजूला घेतली तशी ती ज्योत आपली आपण विझली. पुन्हा धरली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा तर मेणबत्तीच विझली.

गाळेधारकांच्या कमिटीचे सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसले होते. अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, फुंकर मारू का?"

अख्खा हॉल खो खो हसला. टेबलावर माझ्या दोनशे पत्रकांचा गठ्ठा होता आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, "जळणाऱ्या वायरी, झोपलेली कमिटी!" कमिटी टक्क जागी होती आणि वायर जळत नव्हती. शेवटच्या रांगेत माझी आई बसली होती. ती हसत नव्हती, पण माझ्याकडे बघतही नव्हती. सभा संपल्यावर गेटपाशी आली आणि म्हणाली, "तोंडघशी पडलीस ते पडलीस, माझी सांडशी काळी केलीस त्याचं काय?"

ही बिल्डिंग तुर्भ्याची. ट्रकांच्या रस्त्याला लागून चार मजले. खाली दुकानं, वर ऑफिसं, तिसऱ्यावर कोचिंग क्लास आणि चौथ्यावर तयार कपड्यांचं युनिट. त्या युनिटमध्ये आई धागा कटिंगला आहे. शर्ट शिवून आला की त्याच्या शिवणीतून लोंबणारे दोरे छोट्या कात्रीनं कापायचे, बटणं बघायची, घडी घालायची. अशा तिथे तीस-बत्तीस बायका. आम्ही राहतो खांदेश्वरला. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. हॉस्टेलचं पाणी, स्टेशनबाहेरचा अंधारा रस्ता, कॅन्टीनमधल्या अळ्या. जिथे अन्याय दिसेल तिथे मी एक पान, दोन बाजू, तीन उद्गारचिन्हं. आमच्या गटात मला शिकवलेलं एकच: आधी मथळा. मथळा सुचला की निम्मं काम झालं. हे किती खोटं आहे ते त्या वायरीनं मला शिकवलं.

सभेच्या तीन आठवडे आधी एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरचं इलेक्ट्रिक पॅनेल पेटलं. मोठी आग नव्हती. पावडर मारून दहा मिनिटांत विझवली, कुणाला खरचटलंही नाही. पण मेन स्विच पाडला, लिफ्ट बंद झाली आणि सगळे जिन्याकडे पळाले. त्या जिन्याला एकही खिडकी नाही. बाहेर रणरणतं ऊन आणि आत काळामिट्ट अंधार. अशाच वेळेसाठी जिन्यात इमर्जन्सी दिवे असतात. ते लागले आणि थोड्याच वेळात दुसऱ्या मजल्याच्या वरचे सगळे गेले. तरण्या बायका भिंतीला हात लावत उतरल्या. माझ्या आईचे गुडघे गेलेले आहेत. ती तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या वळणावर धुराच्या वासात खाली बसली आणि बसल्या बसल्या एकेक पायरी सरकायला लागली. शेवटी बिल्डिंगमध्ये लायटीची कामं करणारे एक वयस्कर वायरमन मोबाइलचा टॉर्च लावून वर आले आणि तिला हात धरून खाली घेऊन गेले.

हे तिनं घरी हसत सांगितलं! "लहान पोरासारखी घसरत आले गं, साडीचा मागून पार पोतेरा झालाय." मला हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी तिच्याबरोबर गेले आणि मोबाइलवर वेळ लावून तिला चौथ्या मजल्यावरून उतरायला लावलं. चांगल्या उजेडात, कुणी ढकलत नसताना, कठडा धरून. सात मिनिटं. माझ्यासाठी सगळा प्रश्न तेवढाच होता. माझ्या आईला खाली यायला सात मिनिटं लागतात आणि तितका वेळ त्या जिन्यात उजेड राहतो की नाही?

सेक्रेटरींना विचारलं तर ते मला स्वतः जिन्यात घेऊन गेले. दिव्यावरचं टेस्टचं बटण दाबलं. लागला. पुढचा दाबला, लागला. "टेन्शन नका घेऊ, ताई. महिन्याच्या महिन्याला आमचा वॉचमन बटण दाबतो, वहीत टिकमार्क करतो. त्या दिवशी पॅनेलच जळलं, त्याला कोण काय करणार?" मला काही पटलं नाही. जिन्याखालच्या कचऱ्यात पॅनेलच्या दुरुस्तीनंतर टाकलेले करड्या वायरीचे जळके तुकडे पडले होते. त्यातला एक बरा तुकडा उचलला, पत्रक लिहिलं, सभा मागितली. पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

त्या फजितीनंतर मी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. टपरी चालवणाऱ्या भाभी उरणकडच्या, बोलायला फटकळ. त्यांनी न विचारता चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "पी. रडू नको, पैसे नाही मागत." तेवढ्यात बाजूला एक माणूस येऊन बसला. साठीचा, खिशाला टेस्टर लावलेला. मी ओळखलं. आईला जिन्यातून उतरवणारे वायरमन काका हेच. इथल्याच जुन्या गावठाणातले. त्यांनी माझ्यापुढून तो जळका तुकडा उचलला, नखानं खरवडला आणि आवाज न करता खांदे हलवत हसायला लागले.

"हसा, हसा," मी म्हटलं. "सगळेच हसले, तुम्हीच का राहता?"

"पोरी, तुजा सवालच चुकीचा हाय."

"कसा?"

"ही वायर आग पसरवत नाय, अशीच बनवलेली हाय. ज्वाला काढली का विझती. कंपनीनं तेच लिवलंय तिच्यावर. तू तिला पेटत का नाय म्हनून शिव्या घालतेस, ती बिचारी तिचं काम करते."

"मग दिवे का गेले?"

"आता बरोबर विचारलंस." त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "वायर पेटते का नाय, हा सवालच नाय. वायर आगीत असताना दिवा चालू ऱ्हातो का, हा सवाल. ही करडी वायर आग पुढं नेत नाय, पन स्वतः गरम झाली का तिचं कातडं वितळतं. आतल्या दोन तारा एकमेकीला चिकटल्या का खेळ खलास. दिवा गेला."

इतका साधा फरक! आग न पसरवणारी वायर वेगळी आणि आगीत टिकणारी वायर वेगळी. दुसरीत तांब्याच्या तारेवर अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असते. वरचं कातडं जळून राख झालं तरी अभ्रक जळत नाही, तारा एकमेकींना लागत नाहीत आणि करंट चालू राहतो. इमर्जन्सी दिव्यांना ही दुसरी लागते.

"पण काका, दिव्यात बॅटरी असते ना?"

"आदी व्हती. एकेका दिव्याच्या पोटात एकेक. त्या मेल्या. बदलत बसायचा कंटाला. मग कमिटीनं सगले दिवे खालच्या एका मोठ्या बॅटरीला जोडले. पोटात बॅटरी असती तर वायर जळू दे नायतर तुटू दे, दिवा लागलाच असता. आता दिव्याचा जीव तलमजल्यावर आन् मदी नुसती वायर."

मी जवळजवळ ओरडलेच, "म्हणजे बटण दाबून काहीच कळत नाही!"

"बटन दाबून यवढंच कलतं का आज आग लागलेली नाय."

हे वाक्य मी तिथल्या तिथे माझ्या पत्रकाच्या मागे लिहून घेतलं. चार वर्षं मथळे लिहिणाऱ्या मला असलं एक वाक्य सुचलं नव्हतं. फुकटचा चहा घेत त्या माणसानं ते सहज टाकून दिलं.

पुढचे चार दिवस मी झपाटल्यासारखी वावरत होते. केबलचे कॅटलॉग, नियमांची पुस्तकं, परीक्षेला वाचलं नसेल इतकं वाचलं. नियमात लिहिलेलंच होतं की सुटकेच्या वाटेवरच्या दिव्यांची वायर आग लागल्यावरही ठरावीक वेळ चालली पाहिजे. मला इतका आनंद झाला, जणू तो नियम मीच लिहिला होता. बेलापूरला अग्निशमन दलाच्या ऑफिसात जाऊन अर्ज दिला. तिथल्या बाईंनी तो नीट वाचला आणि कामाचं सांगितलं. दर सहा महिन्यांनी परवाना असलेल्या एजन्सीचा माणूस बिल्डिंग तपासून दाखला देतो, तुमच्या अर्जात लिहिलंय तसा तो येत्या शुक्रवारी येणार असेल तर त्याच्यासमोरच लेखी हरकत घ्या, एकदा सही झाली की पुढचे सहा महिने सगळे तोच कागद दाखवतील.

शुक्रवार! म्हणजे हातात तीन दिवस. सही झाली असती तर सहा महिने माझी आई त्याच जिन्यानं रोज चढली-उतरली असती आणि कागद म्हणाला असता, सगळं ठीक आहे.

फक्त एक गोष्ट मला छळत होती. जिन्यातल्या प्रत्येक दिव्याच्या मागे छताच्या फटीतून जी केबल बाहेर आलेली दिसायची, ती नारिंगी होती. कॅटलॉगमधली आगीत टिकणारी केबलही तशीच नारिंगी. मी एका दिव्याखाली खुर्ची ठेवून, मान वर करून अक्षरंसुद्धा वाचली. अगदी अस्सल. मग ते करडे तुकडे कुठले? सेक्रेटरींनी तर सभेतच सांगून टाकलं होतं, "कुणाच्या तरी एसीची वायर असेल ती." मी काकांना फोन करून विचारलं, "काका, बाहेर तर नारिंगीच दिसते?" ते एवढंच म्हणाले, "आदी शुक्रवारी भाभींची शेगडी मागून ठेव," आणि फोन ठेवला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत भाभींनी टपरीवरची शेगडी आवारात आणून ठेवली. एका प्लायवूडच्या फळीवर काकांनी दोन दिवे बसवले होते. एकाला करडी वायर, एकाला नारिंगी. दोन्ही वायरींचा वेढा शेगडीच्या बरोबर वरून जाईल असा. करंट स्कूटरच्या बॅटरीचा. मी म्हटलं, "घरच्या लाइनवर लावू या की, खरं वाटेल." काका म्हणाले, "लाव. शॉक लागून मेलीस तर तुजी पत्रकं कोन वाटनार?"

चौथ्या मजल्यावरच्या बायका डबे हातात घेऊन खाली आल्या. दुकानदार आले, क्लासची मुलं आली, वॉचमन त्याची वही घेऊन आला. सेक्रेटरी आले ते एजन्सीच्या माणसाला बरोबर घेऊनच. तिशीचा इंजिनिअर, गळ्यात आयकार्ड, हातात पॅड. त्याची तपासणी वर अर्धी झाली होती, म्हणजे बटणं दाबून झाली होती. सेक्रेटरी त्याला म्हणाले, "दोन मिनिटं बघा साहेब, आमच्या ताईंचा जादूचा प्रयोग असतो अधूनमधून."

"आज फुंकर नाही लागायची," मी म्हटलं आणि शेगडी पेटवली.

भाभींनी बाजूच्या दुसऱ्या शेगडीवर सगळ्यांसाठी चहाचं पातेलं चढवलं, एवढी माणसं आयती जमलीत म्हणून. दोन्ही दिवे लखलखीत. करड्या वायरीचं कातडं चमकायला लागलं, मग मऊ पडलं, मग थेंब थेंब शेगडीवर. असा घाण वास सुटला की बायकांनी पदर नाकाला लावले. नारिंगी तर सरळ पेटली! तिच्या कातड्यानं चांगला जाळ धरला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, तुमचीच जळतेय!"

"लागली पैज, नारिंगी आधी जाणार."

"करडी."

"एक वडापाव."

"दोन!"

मी काकांकडे बघितलं तर ते तंबाखू मळत होते. आणि फट्! करड्या वायरीचा फ्यूज उडाला. करडीचा दिवा गेला. भाभींच्या चहाला अजून उकळीसुद्धा आली नव्हती. बायकांनी एकदम "गेलाऽऽ" केलं. सगळ्यांचे डोळे दुसऱ्या दिव्यावर. नारिंगीचं कातडं जळून गेलं, ज्योत विझली, उरली पांढरट राखेची नळी आणि तिच्या आत लालबुंद तार. दिवा चालू. चहाला उकळी आली, दिवा चालू. चहा गाळला, वाटला, पिऊन झाला, कुणीतरी दुसऱ्यांदा मागितला, दिवा चालू! क्लासची मुलं टाळ्या वाजवायला लागली. काका म्हणाले, "बंद कर आता. भाभीचा गॅस फुकट जातो."

मी मोबाइल बघितला. आईच्या सात मिनिटांच्या कितीतरी पुढे गेलो होतो आम्ही. मी वळले, हवं होतं ते वाक्य जिभेवर तयार होतं. पण माझ्याआधी सेक्रेटरी उभे राहिले आणि खरंच टाळ्या वाजवायला लागले.

"वा, ताई, वा! आज पटलं. नारिंगी केबल म्हणजे भारी काम. आणि आता सगळ्यांनी वर बघा." त्यांनी जिन्याच्या तोंडाशी असलेल्या दिव्याकडे बोट केलं. "आपल्या बिल्डिंगमध्ये कुठली आहे? नारिंगी! प्रत्येक दिव्याला नारिंगी! साहेब, तुम्ही पाहिलीच आत्ता वर."

इंजिनिअरनं मान हलवली. "हो, केबल बरोबर आहे."

टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्या त्यांच्यासाठी! माझी शेगडी, माझा प्रयोग, माझा घाम, आणि जाहिरात त्यांची झाली. काय बोलणार? नारिंगी होतीच. इंजिनिअरनं पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, पुन्हा संपलं सगळं. आईनं डब्याचं झाकण लावलं, वर जायला निघालेल्या बायकांबरोबर तीही वळली.

"नारिंगी हाय," काका म्हणाले. "दीड हात."

कुणाला काही कळलं नाही. काकांनी फळी बाजूला ठेवली, भिंतीला टेकवलेली शिडी उचलली, जिन्याच्या तोंडाशी नेऊन लावली आणि वर चढले. दिव्यामागची ती नारिंगी केबल हाताला एक वेढा देऊन धरली आणि खेचली. एक वीत आली, दोन विती आल्या. मग चिकटपट्टीचा एक काळा गोळा छताच्या फटीतून बाहेर आला, आणि त्या गोळ्याच्या पलीकडे करडी वायर. तीच. मी मेणबत्तीवर धरलेली.

"प्रत्येक दिव्याला असंच हाय," वरूनच ते बोलत होते, कुणाकडे न बघता. "हिकडं दीड हात, तिकडं बॅटरीच्या खोलीत दीड हात. मदी समदी करडी. ठेकेदारानं पुऱ्या बिल्डिंगला नारिंगीचं येकच बंडल दिलं. बोलला, दिसंल तिथं लाव. आमी त्याला शेपूट बोलतो. शेपटं मीच लावलीत."



खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. भयंकर आला. आठवडाभर हा माणूस मला अभ्रक शिकवत होता आणि ही गोष्ट पोटात घेऊन बसला होता! माझ्या डोक्यात मथळासुद्धा तयार झाला, फार वाईट मथळा, आणि तो मी ओरडणारही होते. पण काका पुढे म्हणाले, "मला वाटायचं, वायर ती वायर. दिवा तर लागतो. त्या दिवशी ही बाई जिन्यात बसलेली गावली. माजा हात असा धरला तिनं, सोडंना. खाली येस्तोवर मला येकच दिसत व्हतं, का हा अंधार मी केलाय."

सगळे आईकडे बघायला लागले. मीही. ती काय म्हणेल? तिच्या जागी मी असते तर? ती डबा काखेत घेऊन पुढे आली, शिडीचे पाय दोन्ही हातांनी धरले आणि वर बघून म्हणाली, "दादा, तुमी खाली या आधी. शिडी हलतीय."

मी तो मथळा गिळला. आजपर्यंत कुठेही लिहिला नाही.

इंजिनिअरनं पेन खिशात ठेवलं. तो शिडीजवळ गेला, जोड हातात घेऊन बघितला, फोटो काढले. त्याचा चेहरा उतरला होता, कारण तासाभरापूर्वी त्यानं ह्याच दिव्याला बरोबरची खूण केली होती. "सेक्रेटरीसाहेब, मी यावर सही करू शकत नाही. सीलिंग उघडा. प्रत्येक दिव्याची पूर्ण लाइन बघायची आहे."

"अहो पण साहेब, बटण तर..."

"बटण दाबून," माझ्या तोंडून निघालंच, "एवढंच कळतं की आज आग लागलेली नाही." ते वाक्य काकांचं होतं. पण ते शिडीवरून उतरत होते, त्यांचे हात गुंतलेले होते.

सेक्रेटरींचा मला आजही राग आहे. शेपटांबद्दल त्यांना माहीत नव्हतं, ठेकेदारानं त्यांनाही फसवलं, हे मी मानते. पण माहीत करून घ्यायला कुणी अडवलं होतं? छताची एक फळी सरकवून बघायला किती वेळ लागतो? त्या आठवड्यात फळ्या सरकल्या आणि प्रत्येक दिव्यामागे शेपूट निघालं. ठेकेदारानं काकांचं काम बंद केलं, स्वतः मात्र फोन उचलेनासा झाला. मी नवं पत्रक काढलं. त्यात उद्गारचिन्ह एकही नव्हतं. वर फळीवरच्या दोन दिव्यांचा फोटो, खाली एकच प्रश्न: "तुमच्या दिव्यामागे किती हात?" ह्या वेळी पत्रक जमिनीवर पडलेलं दिसलं नाही. समोरच्या बिल्डिंगमधले लोक मागून घेऊन गेले.

कमिटीत कुरकुर झाली, आवाज चढले, सेक्रेटरी एकदा उठूनही गेले. चौथ्या मजल्यावरच्या बायकांनी युनिटच्या मालकाला सांगितलं की जिना नीट होईपर्यंत आम्ही तळमजल्याच्या गोदामात बसून दोरे कापू. दोन दिवस त्यांनी खरंच तसं केलं. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः कमिटीत जाऊन भांडले. जिन्याची वायर आधी बदलायची असं ठरलं. पॅसेजची अजून बाकी आहे, आणि ते मला मंजूर नाही. पण जिना ठरला. काम कुणाला द्यायचं ह्यावर आईच बोलली, "ज्यानं लावलं त्यालाच काढायला लावा. त्याला ठावं हाय कुठं काय लपवलंय."

रविवारी सकाळी नारिंगी केबलचा अख्खा ड्रम टेम्पोतून उतरला. सुट्टी असूनही चौदा-पंधरा बायका आल्या होत्या. काकांची एकच अट होती. केबल छताच्या आत घालायची नाही. जिन्याच्या भिंतीवरून, उघडी, तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत. "लोकांना दिसली पायजे. मदी शेपूट कोनी लावलं तर शेंबडं पोर पन वलखंल." क्लिपा लोखंडी. प्लॅस्टिकच्या आणणाऱ्या दुकानदाराला त्यांनी परत पाठवलं, कारण आगीत क्लिप वितळली की केबल लोंबकळणार आणि खाली पळणाऱ्यांच्या गळ्यात पडणार. मला हेही माहीत नव्हतं. कॅटलॉगच्या कुठल्याच पानावर मला ते दिसलं नव्हतं.

तळमजल्यावर दोघी ड्रम फिरवत होत्या. तिथून वर प्रत्येक वळणावर एकेक बाई, आणि केबल हातातून हातात वर सरकत होती. "ढील दे गं!" "ए, पीळ पडला, थांब!" "पहिल्या मजल्यावाल्या झोपल्या का?" अशी आरडाओरड चाललेली की लग्नघर वाटावं. मधेच सेक्रेटरी आले. मला वाटलं, काहीतरी खोडा घालणार. त्यांनी क्लिपांचा डबा उचलला आणि काकांच्या शिडीखाली जाऊन उभे राहिले. एकेक क्लिप वर देत. मी तेही बघून ठेवलं. ते पत्रकात लिहिण्यासारखं नसतं, म्हणून इथे लिहिते.

मी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या वळणावर मोबाइल घेऊन उभी होते, फोटो काढत. वरच्या पायरीवर आई कठड्याला टेकून, केबलचं टोक हातात धरून. केबल खालून येतच होती, जड, तेलकट, नवीकोरी. खालून काकांचा आवाज आला, "वर वडा!" आणि सगळ्या बायकांनी एकदम ओढली.

"अगं भवाने," आई माझ्यावर ओरडली, "फोटो काय काढतेस? माझ्या एकटीच्यानं वडवत नाही. धर की!"

मी मोबाइल खिशात टाकला आणि धरली.